कपाशीच्या नांग्या आणि पारदर्शक डब्यांतील रोपे

यवतमाळ जिल्ह्यातील शेतीचे अर्थकारण प्रामुख्याने कपाशीवर उभे आहे. पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले कै. वसंतराव नाईक यांनी १९६३ ते १९७५ या आपल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात संकरित बियाण्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून साजरा होतो. नेमक्या त्याच सुमारास जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी कपाशीची उगवण न्याहाळीत शेतातून फिरत असतो. ओळींत पडलेल्या रिकाम्या जागा, म्हणजेच नांग्या, ही त्या वेळची त्याची मुख्य चिंता असते.

नांग्यांचे नुकसान

नांग्या पडण्याची कारणे अनेक आहेत. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर अंकुर करपतो. जोराचा पाऊस होऊन लगेच ऊन पडले तर काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो आणि कोंब वर येऊ शकत नाही. सखल भागात बी कुजते, तर काही ठिकाणी वाणी ही कीड कोवळी रोपे कुरतडते. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला पाळला तरी हे सारे धोके टळतातच असे नाही.

चार फूट बाय दीड फूट अंतरावर कपाशी टोकल्यास एकरी सुमारे साडेसात हजार झाडे बसतात. दहांत एक जागा रिकामी राहिली तरी साडेसातशे झाडे कमी होतात. निंदणी, खत आणि फवारणी यांचा खर्च मात्र त्या मानाने कमी होत नाही. संकरित बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते आणि ते पुष्कळदा उधारीवर आणलेले असते. त्यामुळे दुबार पेरणी टाळणे म्हणजे कर्जाचा बोजा वाढू न देणे होय.

आठ-दहा दिवसांनी नांग्यांत पुन्हा बी टोकण्याची पद्धत रूढ आहे. परंतु हे उशिराचे झाड शेजारच्या झाडांच्या सावलीत सापडून मागे पडते. दाट उगवलेले रोप उपटून लावावे, तर कपाशीचे सोटमूळ तुटते आणि रोप सहसा जगत नाही. यावर सोपा उपाय असा की, ज्या दिवशी शेतात पेरणी होईल त्याच दिवशी त्याच वाणाचे थोडे बी घरालगत डब्यांत लावावे. पंधरा ते वीस दिवसांनी हीच रोपे मातीच्या गोळ्यासह नांग्यांत लावली की त्यांचे व शेतातील झाडांचे वय सारखेच राहते.

डबे कसे भरावेत?

यासाठी पॉलिथीनच्या पिशव्या वापरता येतात. त्याचप्रमाणे पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्यांचा खालचा भाग कापून घेतल्यासही काम भागते. वीस झाडांमागे एक रोप धरले तर एकरी पावणेचारशे डबे लागतील. प्रत्येकाच्या तळाशी तीन-चार छिद्रे पाडावीत. केवळ काळी माती भरू नये. ती भिजली की चिकट होते आणि वाळली की आवळून मुळे तोडते. माती, कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग मिसळून घ्यावी. बियाण्याला औषध चोळलेले असल्याने लावणीनंतर हात साबणाने धुवावेत.

पारदर्शक डब्याचा मोठा गुण हा की, ओल कुठवर पोहोचली आणि मूळ कुठवर उतरले हे डोळ्यांनी दिसते. सोटमूळ तळाशी टेकून वळू लागण्यापूर्वी रोप हलवावे, हा निर्णय त्यामुळे अंदाजाने घ्यावा लागत नाही.

मात्र हाच गुण दोषही ठरू शकतो. मुळांचा स्वभाव प्रकाशापासून दूर जाण्याचा आहे. शिवाय ओल्या मातीवर ऊन पोहोचले की डब्याच्या आतील बाजूस हिरवे शेवाळ धरते आणि माती तापते. म्हणून डबे उथळ चरात एकमेकांना लागून मांडावेत, बाजूंनी माती लावावी किंवा ओले गोणपाट गुंडाळावे. पाहणीसाठी एखादा डबा उचलून पुन्हा जागेवर ठेवावा.

बाटलीच्या वरच्या भागाचे झाकणही उपयोगी पडते. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद काचेच्या बाटलीत नेचाचे रोप आपोआप वाढलेले आढळले. त्यावरून त्यांनी तयार केलेल्या काचपेट्यांतूनच पुढे चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. मिरची-वांग्याच्या वाफ्यात असे झाकण ओल टिकवते आणि कोंबड्यांपासून रोपांचे रक्षण करते. तथापि आत शिरलेली उष्णता बाहेर पडत नसल्याने कडक ऊन पडताच ते काढून ठेवणे अगत्याचे आहे.

घ्यावयाची दक्षता

कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या या कामी कदापि वापरू नयेत. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. प्लॅस्टिकचे पेले मुद्दाम विकत आणण्याचेही कारण नाही. एकदाच वापरून फेकावयाच्या अशा पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. घरी वा गावात साठलेल्या बाटल्या पुरेशा होतात.

रोप लावताना आदल्या दिवशी पाणी द्यावे, डबा हलकेच दाबून मातीचा गोळा अखंड काढावा आणि शक्यतो ढगाळ हवेत वा सायंकाळी लावणी करावी. शेतात नेलेले डबे मोजून न्यावेत आणि मोजूनच परत आणावेत. जमिनीत राहिलेले प्लॅस्टिक कुजत नाही, आणि चाऱ्याबरोबर ते बैलाच्या पोटात गेले तर नांगी भरून मिळालेला लाभ क्षणात नाहीसा होतो. नीट धुऊन ठेवलेले डबे पुढील हंगामातही उपयोगी पडतात.

या कामाला भांडवल फारसे लागत नाही. पेरणीच्या धांदलीत एका संध्याकाळची सवड तेवढी काढावी लागते. घरातील स्त्रिया व वडीलधारी मंडळी हे काम अंगणात बसून सहज करू शकतात. पावसाचा खंड शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु खंडानंतर रिकामी झालेली जागा त्याच वयाच्या रोपाने भरून काढणे मात्र निश्चितच त्याच्या हाती आहे.