खिशात साखर नको, ग्लुकोज ठेव

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण छाती फुगवून म्हणतो ना, ते तुझ्या मधुमेहाच्या नव्या गोळीला थोडंफार लागू पडतं बघ. या जातीची जुनी गोळी, अकार्बोज, जर्मनीत निघाली; १९९० च्या सुमारास बाजारात आली. तुझी व्होग्लिबोज जपानची. काम एकच.

चाड्यातून कधी कणीस खाली गेलंय का? सुटा दाणाच जातो. लहान आतड्याची भिंतही तशीच. भाकरीतला स्टार्च असो की चहातली साखर, मळून सुटी झाली तरच रक्तात उतरते. शेवटची मळणी त्या भिंतीवरची विकरं करतात आणि गोळी त्यांचेच हात अडवते. मळणी रेंगाळली की जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही, सावकाश चढते.

म्हणून गोळी पहिल्या घासाबरोबर. हात धुतल्यावर आठवली तर उपयोग थोडा. जेवण चुकलं तर त्या वेळची ही गोळीही नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी हाणणार असशील तर मात्र ते जेवणच, उपासाचं नाव सांगू नकोस.

पोट गुरगुरेल, वारा सरेल. न मळलेला माल मोठ्या आतड्यात गेला की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. कुणी साखरेवर सप्तरंगी वनस्पतीचा काढा सुचवेल. तिच्यातही मळणी अडवणारी द्रव्यं आहेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरून तो घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. नुसत्या या गोळीनं साखर सहसा घसरत नाही. पण तुला सोबत ग्लिमेपिराइड आहे, ती साखर खाली ओढते; मलाही या दोन्ही होत्या. एकदा गोळ्या घेतल्या, घाईत दोनच घास खाल्ले आणि उरुसाला गेलो. गर्दीत घाम फुटला, हात थरथरू लागले. लोकांनी पेढा दिला, साखर दिली, उतार पडेना. पडणार कसा? साखर मळणारेच अडकलेले! मेडिकलवरून ग्लुकोज पावडर आणून पाण्यात पाजली, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. ग्लुकोज सुटाच दाणा, त्याला मळणी लागत नाही.

तर अशी साखर घसरली की १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

हे तुला एकट्याला कळून भागणार नाही. आज घरी गेलास की साखरेच्या डब्याशेजारी ग्लुकोजचा डबा ठेव आणि सूनबाईला दाखव.