स्थूलतेची पूर्वसूचना
पहिल्या वर्षात बालकाचे वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढते. मूल चालूधावू लागले की ते सडसडीत होत जाते आणि साधारणतः सहाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा भरू लागते. हे वळण जितके लवकर, तितका पुढे स्थूलतेचा संभव अधिक, असे फ्रान्समधील रोलाँ-काशेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविले. तेव्हा एकाच वेळच्या वजनावरून केलेले भाकीत फसवे ठरते. गुटगुटीत तान्हुली बहुतेक पुढे सडपातळच होतात. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नोंदी, ज्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, याहून उद्बोधक आहेत. तरुणपणी ज्यांना मधुमेह वा त्याची पूर्वावस्था जडली, ती मुले दोन वर्षांपर्यंत बहुधा कृश होती. त्यांचे वळण मात्र लवकर आले होते, आणि बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही स्थूल नव्हते!