बदक, बगळा आणि चकवा : काही वाक्प्रचारांचा विचार

मराठी म्हणी व वाक्प्रचारांच्या संग्रहांत बदक शोधू लागले तर हाती फारसे काही लागत नाही. यात नवल नाही. लोटे-चिपळूण परिसरात काय किंवा एकूण कोकणात काय, परसात वावरली ती कोंबडी. म्हणून म्हण झाली ती झाकलेल्या कोंबड्याची आणि तांबडे फुटण्याची. खुद्द 'बदक' हे नावही अरबी-फारसी 'बत' या शब्दाशी जोडलेले आहे. इंग्रजीत उपदेश बदकाच्या पाठीवरून ओघळतो, आपल्याकडे तो पालथ्या घड्यावर पडतो. पहिल्यात पिसांचा तेलकटपणा आहे, दुसऱ्यात स्वयंपाकघर. विद्यार्थी हे दोन्ही समानार्थी म्हणून पाठ करतात; पण इंग्रजी प्रयोगात टीका न लागण्याची बेफिकिरी आहे, मराठीत सांगणाऱ्याचे श्रम वाया गेल्याची खंत आहे.

हंसाचा प्रतिपक्षी म्हणूनही आपल्या परंपरेने बदक निवडले नाही. ती जागा बगळ्याची, 'बकध्यान' त्याचेच. हंसाला बदकांत वाढविले ते अँडरसनने (१८४३). ग. दि. माडगूळकरांच्या १९५८ च्या चित्रपटगीतातून ते कुरूप पिल्लू मराठी घरांत इतके रुळले, की त्याचे परकेपण आज सांगावे लागते.

बदककुळातील ज्या एका पक्ष्याने मराठीत खोल मूळ धरले तो चक्रवाक, म्हणजे पक्षिनिरीक्षकांचे ब्राह्मणी बदक. हिवाळ्यात तो उत्तरेकडून येतो, उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयांवर जोडीने दिसतो. रात्री नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालणारे हे जोडपे, हा संस्कृत काव्याचा जुना संकेत. ज्ञानेश्वरांनी सोळाव्या अध्यायाच्या आरंभी तो वेगळ्याच कामी लावला आहे. तेथे विरही जोडपे बुद्धी आणि बोध यांचे आहे, मधली नदी भेदाची आहे आणि त्यांना एकत्र आणणारा सूर्य म्हणजे श्रीगुरू. शृंगारातील संकेत इतक्या सहजपणे अद्वैतात नेणे, हे प्रस्तुत लेखकास त्या अध्यायाचे मोठे वैभव वाटते.

चक्रवाक, चक्कवाअ, चकवा असा या शब्दाचा प्रवास सरळ आहे. अडचण त्यापुढे येते. कोकणात रात्री घाटात वाट चुकून माणूस त्याच जागी फिरत राहिला, की त्याला 'चकवा लागला' म्हणतात. मग रात्री ओरडणाऱ्या पक्ष्याच्या मागे वाटसरू भरकटला, अशी व्युत्पत्ती वर्गात हमखास सुचविली जाते. ती मोहक आहे, आणि नेमकी म्हणूनच संशयास्पद. पक्ष्याशी निगडित अर्थ विरहाचा आहे, वाट चुकण्याचा नाही. पक्षी उघड्या, रुंद पात्रांचा. वाट चुकविणारा चकवा रानांचा नि घाटांचा. शिवाय 'लागणे' हे क्रियापद भूतबाधेच्या प्रयोगांतले आहे. हा चकवा 'चकणे', 'चकविणे' या धातूंचा मानावा, हे अधिक सयुक्तिक. उच्चार एक झाला म्हणून कूळ एक होत नाही. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा खेळाडू बचावपटूला 'चकवा देतो', त्या प्रयोगात तर पक्ष्याला शिरायला जागाच नाही.