‘सध्या पाठवू नका’

६ ऑगस्ट २०१९ च्या रात्री मी एक निरोप लिहिला. ‘शिरोळ तालुक्यात भीषण पूर. सर्व प्रकारच्या मदतीची तातडीने गरज. कृपया पुढे पाठवा.’ खाली माझा मोबाइल नंबर. व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन गटांवर टाकला आणि झोपलो. सकाळपर्यंत तो नाशिक, नागपूर, बडोद्यापर्यंत पोचला होता. त्या तीन वाक्यांत किती चुका होत्या, ते कळायला मला पुढचा महिना लागला.

मी जयसिंगपूरला शाळेत शिकवतो. आमचं गाव उंचावर, त्यामुळे तालुका पाण्यात असला की माणसं, जनावरं आणि सामान सगळं आमच्याकडे येतं. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. म्हणजे वर कुठेही कोसळलं तरी हिशेब शेवटी शिरोळच्या दारात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे पाणी हळू चढतं आणि त्याहून हळू उतरतं. बाहेरच्या माणसाला पूर म्हणजे लोंढा वाटतो, आला आणि गेला. इथे घर आठ-आठ दिवस पाण्यात उभं असतं. त्यामुळे पहिल्या दिवशी जे लागतं ते दहाव्या दिवशी लागत नाही, आणि दहाव्या दिवशी जे लागतं ते तोवर कोणाच्या डोक्यातही आलेलं नसतं.

माझ्या निरोपात तारीख नव्हती. काय हवं ते नव्हतं. किती हवं ते तर नव्हतंच.

शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यानं पुणे-बेंगळुरू रस्ता जवळपास आठवडाभर बंद होता. तो सुटला आणि अडकलेली सगळी मदत एकदम आमच्या अंगावर आली. शाळेच्या सभागृहात पाण्याच्या बाटल्या छतापर्यंत रचल्या. ब्रेडला तिसऱ्या दिवशी बुरशी धरली; तो खड्डा काढून पुरावा लागला. कपड्यांच्या गाठोड्यांत फाटकी बनियनं, एकेकटे पायमोजे, लग्नातली एक झगमगीत शेरवानी. देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण काहींनी कपाट आवरलं होतं हेही खरं. ते निवडायला माझी बारा पोरं चार दिवस बसली. त्याच चार दिवसांत ती पोरं गावोगाव फिरून ‘तुम्हाला काय पाहिजे’ एवढं विचारू शकली असती.

विचारलं नाही, त्याचा परिणाम एका घरात बघितला. माजघरात पाण्याच्या अकरा पेट्या आणि त्यांच्यावर बसलेली मावशी. मी आणखी एक पेटी उतरवायला लागलो तर म्हणाली, “सर, पाणीच लय झालंय वो. आत बी पाणी, भाईर बी पाणी. माझी बीपीची गोळी बघा की मिळती का.” गोळी संपून सहा दिवस झाले होते. गोठ्यात दोन म्हशी उपाशी. ऊस पाण्याखाली, म्हणजे वाडं नाही. कडब्याची गंज वाहून गेलेली. आमच्याकडची बरीच माणसं नावेत बसायला तयार नव्हती ती जनावरांपायी, आणि मी मागवलेल्या ‘सर्व प्रकारच्या’ मदतीत वैरणीची एक पेंढी नव्हती.

दुसरी चूक रस्त्याची. ट्रक चांगल्या रस्त्यावर थांबतो. सांगली-कोल्हापूर रस्त्याकडेच्या वस्त्यांना एकेका दिवसात पाच-पाच वेळा कीट मिळालं आणि कवठेगुलंद, शेडशाळ, राजापूर, खिद्रापूर ही टोकाची गावं वाट बघत राहिली. ट्रकवाल्यांना मी रागावू शकत नव्हतो. पुढे जायला त्यांना मीच सांगायला हवं होतं. मी फोनवर ‘या, या’ एवढंच म्हणत होतो. ‘इथे नको, तिकडे जा’ किंवा ‘आठ दिवसांनी या’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. कोणी पाचशे किलोमीटरवरून मायेनं काही आणतोय आणि आपण नको म्हणायचं, हे आपल्या संस्कारात बसत नाही. पण पुरात समन्वयाचं निम्मं काम तेच असतं.

आता तिसरी, जी सांगताना अजून लाज वाटते. पाणी ओसरल्यावर आम्ही उत्साहाच्या भरात फावडी-घमेली घेऊन एका गल्लीत शिरलो. दिवसभर राबून सात घरांतला गाळ काढला, भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, कुजलेलं धान्य ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकलं, फिनेलनं फरश्या धुतल्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हालाही भरून आलं. दोन दिवसांनी पंचनाम्याला माणूस आला, तेव्हा त्या सात घरांत पंचनामा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा आम्ही घासून काढली होती. पूरग्रस्त कुटुंबाला सरकारनं ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान दिलं. घरपडीचं आणि पिकाचं वेगळं. त्या सात घरांना स्वतःचं नुकसान पटवायला महिनाभर खेटे घालावे लागले, आणि त्याला आम्ही कारण होतो.

तेव्हा एवढं ऐका. झाडू उचलण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची रेघ, दारात उभा घरमालक, प्रत्येक खोली, प्रत्येक मोठी वस्तू. धान्य फेकण्याआधी पोती मोजून लिहून ठेवा. तलाठ्याला, ग्रामसेवकाला विचारून मगच गाळाला हात लावा. पंचनाम्याला उशीर लागणार असेल तर शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन साधा कागद करून ठेवा. आणि हात लावताना पायात गमबूट पाहिजेत. पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत मिसळलेलं असतं, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका. आमच्यातल्या दोघांना ताप भरल्यावर आम्हाला ही अक्कल आली. कामाला लागण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना विचारा, त्यात अर्धा तासही जात नाही.

यादीचंही असंच. आम्ही रेशनकार्डावरून यादी केली, सोपी होती म्हणून. भाड्यानं राहणारी, परगावाहून मजुरीला आलेली, भावकीत वाटणी होऊनही एकाच कार्डावर राहिलेली कुटुंबं सगळी गळली. नंतर आम्ही यादी करायचं काम आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंकडे दिलं. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोणाला साखरेचा आजार आहे, कोण अंथरुणाला खिळून आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. गावातल्या पुढाऱ्याची यादी मात्र सरळ स्वीकारू नका. तो वाईट असतो म्हणून नाही. त्याच्या यादीत त्याची गल्ली आधी येते.

नावेबद्दल एकच सांगतो. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटून अनेकांचे जीव गेले. आदल्या दिवशी मीही एका नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि वर तांदळाची पोती चढवली होती. आमची पोचली, एवढाच फरक. नावेत कोण किती बसणार हे नावाड्यानं ठरवायचं, काठावरच्या गर्दीनं नाही, आणि जीवरक्षक जाकीट नसेल तर सामान तर मुळीच न्यायचं नाही.

फोटोचं लिहावं की नाही, असा विचार करत होतो. माझ्याच वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर कीट घ्यायला आला. मागे देणाऱ्यांचा फलक, हातात पिशवी, ‘इकडं बघ बाळा’ म्हणत तिघांनी फोटो काढले. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. शाळा सुरू झाल्यावर तो पंधरा दिवस आला नाही. आता आमच्याकडे नियम आहे: फोटो सामानाचा काढा, पावतीचा काढा, माणसाचा नाही. यावरून दोन मोठे देणगीदार परत गेले. जाऊ देत.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. कोल्हापुरात तर पातळी २०१९ च्याही वर गेली, वर कोरोना. त्या वेळी निरोप मी लिहिला नाही, आठ जणांनी बसून लिहिला. वर तारीख. ‘हे हवं’ खाली पाच वस्तू: सुका चारा, रॉकेलचे दिवे नकोत पण टॉर्च, ओआरएस, सॅनिटरी पॅड, ताडपत्री, प्रत्येकीपुढे आकडा. ‘हे नको’ खाली जुने कपडे, ब्रेड, पाण्याच्या बाटल्या. ‘१० ऑगस्टनंतर लागेल’ खाली ब्लीचिंग पावडर, खराटे, वह्या-पुस्तकं, शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा मेकॅनिक. आणि सगळ्यात शेवटी, ‘हा निरोप ३१ जुलैनंतर पुढे पाठवू नये.’ नंबर दोघांचे, आळीपाळीनं, रात्री बंद. एका मंडळानं भरलेली गाडी निघण्याआधी फोन केला, मी म्हणालो, “सध्या पाठवू नका, ते पैसे ठेवा, सप्टेंबरात सांगतो.” पलीकडे थोडा वेळ शांतता. पण सप्टेंबरात त्याच पैशांतून तेरा पोरांची भिजलेली पुस्तकं आणि दप्तरं आली.

माझा पहिला निरोप अजून फिरतो आहे. गेल्या आषाढात बडोद्याहून एकाचा फोन आला, “सर, तुमच्याकडे पूर आलाय ना? टेम्पो भरून तयार आहे.” बाहेर कडक ऊन होतं, पेरण्या खोळंबल्या होत्या. तुमच्याकडे तो आला असेल, किंवा तारीख नसलेला असा कुठलाही, तर पुढे पाठवण्याआधी खालच्या नंबरवर एक फोन करा. माझा नंबर अजून तोच आहे.