सायकल, घाट आणि एक भाकरी

सायकल तुमच्यापैकी बहुतेकांना येते. दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत तुम्ही ती केव्हाच शिकला असाल. पण सायकलने शाळेत जाणे निराळे आणि रविवारी पहाटे उठून तीस-चाळीस किलोमीटरची रपेट करणे निराळे. अशा रपेटीला प्रथमच निघालेला नवशिका तीन गोष्टी घेऊन घरी परततो : दुखरी बैठक, भरून आलेल्या मांड्या आणि ‘हे आपले काम नव्हे’ हा विचार. पहिल्या दोन तक्रारी काही दिवसांत कमी होतात. तिसरी मात्र अनेकांची सायकल कायमची भिंतीला टेकवून ठेवते.

वास्तविक पहिल्या महिन्यात येणाऱ्या बहुतेक अनुभवांमागे तुमच्या शालेय पुस्तकातलेच विज्ञान असते. ते ओळखले म्हणून दमणूक नाहीशी होत नाही, पण ती का होते हे कळते, आणि मग तिच्यावर उपायही करता येतो. चला तर, आपण एकेक अनुभव तपासून पाहू या.

तोल कोण सांभाळतो?

सायकलच्या हॅन्डलला हात न लावता फक्त सीट धरून ती चालवत न्या. आता सायकल किंचित उजवीकडे कलती करा. पाहा, पुढचे चाक आपोआप उजवीकडे वळते! म्हणजे सायकल ज्या बाजूला पडू लागते, त्याच बाजूला चाक वळते आणि आधार पुन्हा भाराखाली येतो. आपणही चालवताना नकळत हेच करत असतो. वेग फार कमी असला, की चाक वळवूनही आधार लवकर भाराखाली येत नाही. म्हणूनच गर्दीत सावकाश जाताना सायकल डगमगते.

फिरते चाक भोवऱ्यासारखे वागते व त्यामुळे सायकल पडत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याची परीक्षा घेतली. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे आणखी एक चाक बसवले व भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला. तरीही ती सायकल त्याला चालवता आली! पुढे २०११ साली नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी तर या परिणामावर मुळीच अवलंबून नसलेली आणि स्वाराशिवाय तोल सांभाळत धावणारी प्रायोगिक सायकल बनवून दाखवली. साध्या दिसणाऱ्या वस्तूचे उत्तर नेहमीच एका वाक्यात मावत नाही, हे लक्षात ठेवा.

एका फेरीत किती मीटर?

आता तुमच्या सायकलचे दाते मोजा. समजा पायडलजवळच्या मोठ्या चक्राला ४४ दाते आहेत व मागच्या चाकावरील लहान चक्राला १८. पायडलची एक फेरी झाली, की मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर वेग होतो ताशी सुमारे १९ किलोमीटर.

गिअरच्या सायकलवर हे अंतर बदलता येते. परीघ २.१ मीटर असेल, तर पुढे ३४ व मागे २८ दाते असताना एका फेरीत अवघे २.५५ मीटर जाता येते. पुढे ५० व मागे ११ दाते असले, तर तेच अंतर साडेनऊ मीटर होते. नवशिक्याला वाटते, ‘साडेनऊ मीटर मिळत असता अडीच मीटरवर समाधान का मानायचे?’ येथेच तो फसतो. कोणताही गिअर कार्य वाचवत नाही. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. एका फेरीत जास्त अंतर हवे असेल, तर पायाने तितका जास्त जोर लावला पाहिजे. जड गिअरमध्ये रेटत राहिल्याने मांड्या लवकर थकतात आणि गुडघ्यांवर ताण येतो. सराईत सायकलस्वार हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या मारतात, ते उगाच नव्हे.

सीटची उंचीही तपासा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा व पायडल अगदी खाली न्या. पाय त्या वेळी सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील. सीट फार खाली असेल, तर गुडघे तक्रार करणारच.

वाऱ्याशी गाठ

सपाट रस्त्यावर वेग वाढला, की सायकलस्वाराची सर्वांत मोठी झुंज हवेशी असते. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहात आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा सुटला. आता हवा तुमच्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने येते. वेग दीडपट झाला, पण विरोध १.५ × १.५, म्हणजे सव्वादोन पट झाला! अशा वेळी आपण कमजोर झालो असे समजून खट्टू होऊ नका. गिअर हलका करा, कोपर थोडे वाकवून अंग खाली घ्या आणि वेग कमी होऊ द्या. शक्य असेल तर जाताना वारा समोरून व परतताना पाठीवर येईल, असा रस्ता निवडा. दमलेल्या पायांना परतीची मदत मोलाची असते.

घाट चढायला किती भाकऱ्या?

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाची चढण ही खरी कसोटी. तेथे आघाडी घेणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविले जाते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चढताना आपण सुमारे ४९० मीटर उंच जातो. तुमचे वजन ५० किलोग्रॅम व सायकलचे १५ धरू. मग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचे कार्य

६५ × ९.८ × ४९० = सुमारे ३,१२,००० ज्यूल.

आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग पायडलपर्यंत पोचवतात. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे शरीराला खर्च येतो सुमारे १२,५०,००० ज्यूल, किंवा ३०० किलोकॅलरी. ज्वारीच्या ९० ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या भाकरीत साधारण एवढीच ऊर्जा असते. हवेचा व रस्त्याचा विरोध यांसाठी आणखी थोडी लागेल. पण मुख्य हिशोब एका भाकरीचा!

मग दम का लागतो? कारण प्रश्न केवळ ऊर्जेचा नाही, तर ती किती वेळात खर्च करायची याचा आहे. हेच कार्य एका तासात केले, तर सरासरी सुमारे ८७ वॅट शक्ती लागते. अर्ध्या तासात करायचे म्हटले, तर १७३ वॅट. नवशिका पहिल्याच वळणावर इतरांच्या मागे लागून दुप्पट शक्ती खर्च करतो आणि तिसऱ्या वळणावर खाली उतरतो. यावर सोपी कसोटी अशी : चढताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल, तर वेग कमी करा. मात्र बोरघाटात जड वाहनांची फार वर्दळ असते. तो हिशोबापुरताच ठेवा आणि सराव गावाजवळच्या लहान, कमी रहदारीच्या चढावर करा.

माथ्यावर घाम का फुटतो?

चढ संपतो, तुम्ही झाडाखाली थांबता आणि घामाच्या धारा लागतात. थांबल्यावर घाम जास्त येऊ लागला काय? तसे नव्हे. घाम आधीही येतच होता, पण अंगावरून जाणारी हवा त्यातला बराचसा उडवून नेत होती. थांबताच ती हवा थांबली, शरीर मात्र अजून तापलेलेच होते. वरच्या उदाहरणात सुमारे ९,४०,००० ज्यूल उष्णता शरीरात निर्माण झाली. एक लिटर घामाच्या बाष्पीभवनाला सुमारे २४,००,००० ज्यूल लागतात. तेव्हा एवढी सगळी उष्णता घामावाटे घालवायची, तर ४०० मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. जो घाम ओघळून खाली पडतो, तो तर थंडावाही देत नाही. म्हणून तहान लागेपर्यंत न थांबता घोटघोट पाणी पीत राहा. लांबच्या रपेटीत मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत उत्तम.

पहिल्या महिन्यात शरीरात काय घडते?

नियमित सरावाने काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते व तेच काम कमी ठोक्यांत होते. स्नायूंच्या पेशींतील तंतुकणिका वाढायला मात्र कित्येक आठवडे लागतात. जॉन होलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंत ही वाढ दाखवून दिली होती. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, चार दिवसांत निराश होण्याचे कारण नाही. दुसरी, ही वाढ विश्रांतीच्या काळातही चालू असते. तेव्हा आठवड्यातून तीन-चार दिवस सराव व मध्ये विश्रांती, हेच बरे.

उतार : खरी परीक्षा

चढ दमवतो, पण इजा करतो तो उतार. मी स्वतः शाळेत असताना पहिल्या पावसात एका ओळखीच्या उतारावर निर्धास्त निघालो. खाली वळणावर म्हैस उभी होती. ब्रेक दाबले, तरी सायकल थांबेना. म्हैस वाचली, माझे कोपर मात्र महिनाभर बांधलेले होते. चूक ब्रेकची नव्हती, माझी होती.

गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५ किलोग्रॅमची सायकल व स्वार ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना ती सुमारे १,००० ज्यूल असते, तर ताशी ४० किलोमीटरला ४,०००. कोरड्या रस्त्यावर पहिल्या वेगात ब्रेक लावून ५ मीटरमध्ये थांबता येत असेल, तर दुसऱ्या वेगात २० मीटर लागतील. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी अनुक्रमे साडेपाच व अकरा मीटर मिळवा. हे कोरड्या रस्त्याचे झाले. रिम ओली असली, की ब्रेकच्या रबराची पकड सुटते आणि अंतर पुष्कळ वाढते. त्यातून पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून निसरडा थर होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तुम्हाला आता ठाऊक आहे.

म्हणून उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे तेथील ब्रेक अधिक परिणामकारक असतो. पण तो एकदम आवळला, तर स्वार हॅन्डलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. अंग थोडे मागे सरकवा आणि वेग वळणात नव्हे, वळणाआधी कमी करा. पावसात अधूनमधून ब्रेक हलकेच दाबून रिमवरचे पाणी पुसून काढा. शिरस्त्राण तर नेहमीच हवे.

करून पाहा

एक वही घ्या. रोज सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मिनिटाभराचे नाडीचे ठोके मोजून लिहा. आठवड्यातून एकदा ठराविक लहान चढ त्याच गिअरमध्ये चढा. लागलेला वेळ, वरती पोचताच मोजलेले ठोके आणि त्या दिवशीचा वारा यांची नोंद करा. चढाची उंची माहीत असेल, तर तुमची शक्ती वॅटमध्ये काढा. सहा आठवड्यांनी आलेख काढून वर्गात दाखवा. रेघ सरळ वर जाणार नाही. मध्येच घसरेल, पुन्हा चढेल. घसरलेल्या दिवशी वारा, झोप किंवा आजारपण यांपैकी काय होते, ते वहीतच सापडते का पाहा. आणि आलेखाखाली एवढे लिहायला विसरू नका : तो चढ तुम्ही प्रथम किती वेळा थांबून चढला होता आणि आता किती वेळा थांबता.