सामान्य छायाचित्र आणि उजळ पडदा

अलीकडे अनेक दूरचित्रवाणी संचांवर व भ्रमणध्वनींवर ‘एचडीआर’ ही अक्षरे आढळतात. तेजाचा विस्तृत पल्ला दाखविण्याची क्षमता, असा त्यांचा अर्थ होय. जुनी छायाचित्रे अशा पडद्यांसाठी रूपांतरित करण्याची साधनेही आता उपलब्ध आहेत. शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांच्या संग्रही छायाचित्रांचा मोठा साठा असतो. म्हणून या रूपांतराने काय साधते आणि काय साधत नाही, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

पडद्याचे तेज ‘निट’ या एककात मोजतात. एका चौरस मीटरमागे एक कँडेला म्हणजे एक निट. सामान्य चित्रपद्धतीत पांढऱ्या रंगाचे तेज सुमारे १०० निट धरण्याचा प्रघात आहे. याउलट २०१४ साली प्रमाणित झालेली ‘पीक्यू’ ही संकेतपद्धती १०,००० निटपर्यंतचे तेज नोंदवू शकते. प्रत्यक्षात उत्तम प्रतीचे पडदे १,००० निट वा त्याहून अधिक तेज देतात.

मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचे उदाहरण घेऊ. तो दिव्यांनी उजळला असता त्याचे सामान्य छायाचित्र घेतले, अशी कल्पना करावी. अशा चित्रात प्रत्येक मूलरंगाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांत नोंदली जाते. दिव्याची ज्योत आणि तिच्या लगतचा उजळलेला पांढरा गिलावा या दोहोंनी कमाल मर्यादा गाठली, तर दोहोंच्या वाट्याला २५५ हाच आकडा येतो. त्यांच्या तेजातील खरा फरक तेथेच लोप पावतो.

रूपांतराच्या मुख्य पायऱ्या तीन आहेत. प्रथम आकड्यांवरून प्रकाशाचे खरे प्रमाण काढावे लागते. कारण १२८ हा आकडा निम्मा प्रकाश दर्शवीत नसून केवळ २२ टक्क्यांच्या आसपास प्रकाश दर्शवितो. त्यानंतर चेहरे, वस्त्रे, भिंती यांचे तेज मर्यादेत ठेवून केवळ ज्योत, सूर्यबिंब, पाण्यावरील चकाकी असे भाग वाढविले जातात. कागदासारख्या पांढऱ्या पृष्ठभागासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सुचविलेले तेज २०३ निट आहे. शेवटी हे चित्र २५६ ऐवजी १,०२४ पायऱ्यांच्या नव्या संकेतात नोंदले जाते.

दुसऱ्या पायरीत विवेक न राखता सर्वच चित्र उजळले, तर सदऱ्याचा पांढरा रंगही दिव्यासारखा डोळ्यांत खुपतो आणि आकाशात पट्टे उमटतात. शिवाय २५५ हा आकडा ज्योतीचा की गिलाव्याचा, हे यंत्राला निश्चित कळत नाही. ते केवळ अनुमान करते. लोपलेला तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेने भरून काढला, तरी ते अनुमानच होय. उत्सवाच्या चित्रात ते खपून जाईल. परंतु पडझडीच्या पंचनाम्याचे छायाचित्र किंवा जुन्या दस्तऐवजाची प्रतिमा यांत अनुमानाला स्थान नाही. भिंतीवरील तडा तेथे होता की यंत्राने रेखाटला, हा प्रश्न एखाद्या कुटुंबाच्या नुकसानभरपाईशी निगडित असू शकतो.

यावर एक सुरक्षित मार्ग आहे. २०२३ साली अँड्रॉइड १४ बरोबर आलेल्या ‘अल्ट्रा एचडीआर’ पद्धतीत सामान्य चित्र कायम ठेवून, कोठे किती तेज वाढवावे याचा स्वतंत्र नकाशा त्याच फाइलमध्ये जोडला जातो. सामान्य पडद्यावर पूर्ववत चित्र दिसते, तर उजळ पडदा त्या नकाशाचा उपयोग करतो.

सारांश, रूपांतर नेहमी प्रतीवरच करावे, मूळ फाइल अबाधित ठेवावी आणि रूपांतरित प्रतीवर तसा स्पष्ट उल्लेख करावा. शिक्षकांनी दिव्याचे एकच दृश्य कॅमेऱ्याने कमी व अधिक प्रकाशात टिपून विद्यार्थ्यांना दाखवावे; ज्योतीचा आकार कोणत्या चित्रात टिकतो आणि कोणत्यात हरपतो, हे त्यांच्या सहज ध्यानी येईल. पडदा कितीही उजळ असो, टिपताना जे हरपले ते तो परत आणू शकत नाही.