भाचेबुवा, खडखड कुठून येतेय?

परवा फोनवर म्हणालास, "मामा, गाडी थरथरतीये, शाफ्टच बदलून टाकतो." अरे, बस जरा. शाफ्ट कुठं पळून जात नाही. तुझ्या वयाचा असताना मीही असाच शाफ्ट उतरवला होता. क्रॉस बदलले, सेंटर बेअरिंग बदललं, थरथर होती तिथंच. शेवटी निघालं काय, तर मागच्या चाकाच्या रिममध्ये आतून वाळून बसलेला चिखल! उसाच्या फडातून ओल्या वाटेनं गाडी काढली होती ना. दोन बादल्या पाणी आणि एक काठी, एवढ्यात काम झालं. त्या वेळचा खर्च तुझ्या मामीला अजून सांगितलेला नाही, तूही सांगू नकोस.

१. पाना हातात घ्यायच्या आधी वही घे. किती वेगाला, कितव्या गिअरला, भरलेली की रिकामी, चढाला की उताराला, सगळं लिही — मेस्त्रीपुढं गाडी उभी केली की नेमकी त्याच दिवशी थरथर माहेरी गेलेली असते.

२. गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस दे. थरथर आली तर इंजिनाचे फाउंडेशन रबर आणि सायलेन्सरचा क्लॅम्प बघ — अर्धी गाडी इथंच तपासून होते, तीही फुकट.

३. मोकळ्या रस्त्यावर तोच वेग धरून एक गिअर खाली टाकून बघ. थरथर तशीच राहिली तर खोट चाकात नाहीतर शाफ्टमध्ये, बदलली तर इंजिनाकडं — चाकाला आणि शाफ्टला गिअर कळत नाही, फक्त वेग कळतो. हे मात्र सपाटीला कर. घाटात प्रयोग करणारे शहाणे मी पाहिलेत, त्यांना रस्त्याखालून वर काढताना.

४. स्टिअरिंग हलतंय की सीट? स्टिअरिंग हललं तर आधी पुढची चाकं, सीट हलली तर मागचं. रोज खरं ठरेलच असं नाही, पण सुरुवात तरी योग्य टोकाला होते.

५. ब्रेक दाबल्यावरच येते? मग ड्रम.

६. थरथरीचा ताल ऐक. ६० च्या वेगाला १०.००-२० चं चाक सेकंदाला पाचेक फेरे घेतं, शाफ्ट साधारण त्याच्या सहापट — म्हणून चाकाची खोट पाळण्यासारखी हलवते आणि शाफ्टची भुंग्यासारखी घुमते. हलतंय ते चाक, घुमतंय तो शाफ्ट, एवढं लक्षात ठेवलंस तरी माझी फी फिटली.

७. शाफ्ट उतरवलाच तर आधी खुणा कर आणि बसवताना बाणासमोर बाण आण — एक दाता जरी चुकला तरी नवे कोरे क्रॉससुद्धा थरथरतात. क्रॉसच्या टोपीशी तांबडी भुकटी दिसली तर समज, ग्रीस कधीच संपलंय आणि सुया झिजायला लागल्यात.

८. चाक काढून बसवलं की ५०-१०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळ. नटाच्या बुडातून गंजाचा ओघळ दिसला तर चहाला थांबू नकोस, तिथंच थांब — ढिला नट आधी कुरकुरतो, मग चाकच पुढं पळतं.

९. नवे पाटे टाकलेस तर पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट आवळून घे — पाटे दबून बसतात, बोल्ट ढिले राहतात.

१०. रिकाम्या गाडीचा खडखडाट हा वेगळाच चोर. फाळक्याच्या कड्या, साखळ्या, स्टेपनी, बॅटरीचं झाकण, एकेकात चिंधी कोंब आणि फेरी मार. एका वेळी एकच जागा — चार ठिकाणी कोंबलंस तर आवाज थांबेल, पण चोर कोण ते कळणार नाही. मी तीन दिवस केबिन उसकटली होती. सीटमागं जॅकचा दांडा नाचत होता.

११. रस्त्यालाही विचार. एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवर जोडाजोडाला धडधड होते, तिला गाडीचा दोष समजून मी पाटे तपासले होते. डांबरी रस्त्यावर आलो की गाडी शहाणी!

१२. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का, ते रोज सकाळी बघ — तो सुटला की मागच्या गाडीच्या काचेत जातो.

१३. गाडीखाली जाताना इंजिन बंद, चावी तुझ्या खिशात, क्लीनरच्या नव्हे. चाकांना पुढून-मागून दगड लाव. आणि निघताना ते दगड आठवणीनं उचल, रे. रात्री मागून कुणीतरी मोटारसायकलवर घरी येत असतो.